काड्या फुल, नेट गुल

"काकू, रेंज तर फुल दाखवतंय. तुमच्या लॅपटॉपचाच प्रॉब्लेम असणार." तक्रार केल्यावर इंटरनेट कंपनीकडून आलेल्या प्रत्येक पोराने हे ऐकवलं, तेही हॉलमध्ये राउटरच्या पुढ्यात उभं राहून. मी शिकवते मागच्या खोलीत. ताळेबंद जुळायच्या ऐन वेळी मुलं ओरडणार, "मॅडम, आवाज तुटतोय," आणि हा हॉलमधल्या स्पीड टेस्टचा फोटो काढून म्हणणार, "ओटीपी सांगा, तक्रार क्लोज करतो."

वायर ओढा, हे मी पहिल्यापासून सांगत होते. "आता वायर कोण वापरतं, काकू?" असं म्हणून हसून त्यातल्या एकाने रिपीटर माझ्या गळ्यात मारला. वर तो माझ्या टेबलाशेजारच्या सॉकेटमध्ये लावून दिला. काड्या भरल्या, तो खूश. क्लासमध्ये चित्र गोठायचं ते गोठतच राहिलं.

शेवटी मीच राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. त्याचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो, हे सांगायचीही कुणी तसदी घेतली नव्हती. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत रिपीटरपुढे आकडा होता उणे ८४. हे डीबीएम, सिग्नलच्या ताकदीचं माप. उणे ६७ च्या आसपास असेल तर व्हिडिओ कॉल सुखाने चालतो. आकडा ३ ने घसरला की ताकद निम्मी, १० ने घसरला की एक दशांश. १७ ने घसरला म्हणजे साधारण पन्नासावा हिस्सा. नळ नवाकोरा आणि टाकीत ठणठणाट! माझ्या काड्या रिपीटरपर्यंतच्या होत्या. रिपीटरला स्वतःला काय मिळतंय, ते लॅपटॉपला कुठून दिसणार?

फोन करून विचारलं तर उत्तर आलं, "मग मध्ये कुठेतरी लावा." मध्ये आमच्याकडे काँक्रीटचा कॉलम आणि त्याला टेकून लोखंडी कपाट. त्यातून एकाच बँडवर चालणारा स्वस्तातला रिपीटर प्रत्येक गोष्ट एकदा ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, म्हणजे वेग जेमतेम निम्मा उरतो. हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल?

तर, ज्यांच्या घरी असा पोरगा येणार आहे त्यांच्यासाठी. अडचण ज्या खोलीत आहे तिथेच, दार लावून, त्याला टेस्ट करायला लावा. तोवर ओटीपी देऊ नका, कितीही घाईत असला तरी. त्याआधी लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून बघा. तिथे पूर्ण वेग मिळाला तर लाइन ठीक आहे, दुखणं वायफायचं आहे. अँड्रॉइडवर डीबीएम दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. काड्यांवर विश्वास ठेवू नका.

राउटर टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात किंवा फिश टँकशेजारी ठेवू नये. धातू आणि पाणी दोन्ही सिग्नल अडवतात. उंचावर, मोकळा, शक्यतो घराच्या मध्यावर ठेवावा. हे सगळेच सांगतात, पण फायबर दारातून जिथवर आली तिथेच खिळा ठोकून मोकळे होतात. बसवतानाच अडून बसा. आणि ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान असलं तरी भिंतीपुढे २.४ पेक्षा लवकर हात टेकतं. २.४ वर सोसायटीत सगळ्यांची गर्दी, म्हणून तिथे चॅनल १, ६ किंवा ११ पैकी कमी गजबजलेलं घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा. आमच्याकडे ती ४० वर होती.

मोठ्या अँटेनांचा "हाय पॉवर" राउटर घ्या, असाही सल्ला मिळेल. राउटर नुसताच जोरात ओरडला म्हणून काय होतं? तुमच्या फोनचा आवाज होता तेवढाच राहतो, आणि तोही राउटरला ऐकू जावा लागतो.

माझं काम शेवटी वायरनेच झालं. जुन्या केबल टीव्हीचा पाइप भिंतीत रिकामा पडून होता. इलेक्ट्रिशियनने त्यातून कॅट ६ ओढली आणि मागच्या खोलीत दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला. विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र ती नेऊ देऊ नका. केबलच्या टोकाला चारही जोड्या जोडल्यात का, हे समोर उभं राहून बघा. दोनच जोडल्या तर वेग १०० एमबीपीएसवर अडतो आणि दोष पुन्हा तुमच्या लॅपटॉपवर येतो.

रिपीटर परत घ्या म्हटलं, तर कंपनी म्हणते, उघडलेला बॉक्स घेत नाही. उघडला त्यांच्याच माणसाने.