ओठ पूर्ववत होताना

ओठांत फिलर भरून घेतलेल्या बायका त्याबद्दल सहसा बोलत नाहीत. ते बिघडल्यावर काढून टाकणाऱ्या तर मुळीच नाहीत. अभिनेत्री उर्फी जावेदने जुलै २०२५ मध्ये फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ टाकला, टम्म सुजलेल्या तोंडासकट, तेव्हा लोक तिला पोटभर हसले. मी तो थांबवत थांबवत दोनदा पाहिला, कारण मलाही त्याच खुर्चीत बसायचं होतं. माझे ओठ ठाण्यातल्या एका क्लिनिकने भरले आणि दादरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पूर्ववत केले. मधल्या काळात जे कळलं, ते इथे लिहिते आहे.

१. पहिले पंधरा दिवस आरशाचं ऐकू नये.

ओठांत भरतात ते बहुतेक वेळा हायालुरोनिक ॲसिडचं जेल असतं. ते पाणी धरून ठेवतं, शिवाय सुईने झालेली इजा असतेच. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस सूज चढते, एक बाजू जास्त फुगते, काळंनिळं होतं. हे सगळं उतरायला साधारण दोन आठवडे लागतात. तोपर्यंत रडू नये, भांडू नये आणि मुख्य म्हणजे चोळू नये. माझ्या वरच्या ओठात उजवीकडे साबुदाण्याएवढी गाठ होती आणि जीभ दिवसभर तिथेच जायची. "अहो, दाबू नका तिला," असं दादरच्या डॉक्टर मला नंतर प्रत्येक भेटीत सांगत. दोन आठवड्यांनंतरही गाठ तिथेच असेल, तर मात्र तिला सूज समजून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

२. एका बाबतीत पंधरा मिनिटंसुद्धा थांबायचं नाही.

ओठाचा किंवा वरच्या त्वचेचा भाग पांढराफटक पडला, त्यावर जांभळट जाळी दिसू लागली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर फिलर रक्तवाहिनीत गेलेलं असू शकतं किंवा बाहेरून तिला दाबत असू शकतं. रक्त पोचलं नाही की त्वचा मरते. अशा वेळी तडक डॉक्टर गाठायचा, मग रात्र असो की रविवार. बर्फ लावायचा नाही, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. माझ्यावर ही वेळ आली नाही, पण घरी जाताना कोणीतरी हे सांगायला हवं होतं. मला हातात मिळालं ते पुढच्या भेटीच्या सवलतीचं कूपन.

३. ओठांत काय भरलंय, त्याचा कागद आपल्याकडे हवा.

फिलरच्या खोक्यात सिरिंजसोबत छोटे स्टिकर येतात. त्यावर कंपनी, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. एक स्टिकर रुग्णाच्या केसपेपरवर चिकटवायचा असतो आणि मागितला तर एक आपल्यालाही मिळतो. हे मला दादरला कळलं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "कोणतं भरलंय?" मी म्हटलं, "कोरियन, चांगलं आहे म्हणाले." त्यांनी पेन खाली ठेवलं.

प्रश्न महत्त्वाचा अशासाठी, की विरघळवण्याचं औषध फक्त हायालुरोनिक ॲसिडवर चालतं. सिलिकॉन किंवा ॲक्रिलिकचे कण असलेलं कायमचं फिलर असेल, तर ते इंजेक्शन देऊन काही उपयोग नाही. हायालुरोनिक ॲसिडमध्येही जेल जितकं घट्ट बांधलेलं, तितकं औषध जास्त लागतं. शेवटी माझी सोनोग्राफी झाली. बारीक, वरवरचं पाहणारा प्रोब ओठावर फिरवला की फिलर कुठे साचलंय ते पडद्यावर दिसतं.

ठाण्याच्या क्लिनिकला मी लेखी अर्ज देऊन कागदपत्रं मागितली. नोंदणीकृत डॉक्टरने मागणी आल्यापासून ७२ तासांत ती द्यावीत, असा २००२ पासून नियम आहे. मला आलेल्या कागदावर रक्कम होती, माझं नाव चुकीचं होतं आणि इंजेक्शन देणाऱ्याच्या नावापुढे नोंदणी क्रमांकच नव्हता. तो असता, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता आला असता.

४. बिघडलेलं आणखी भरून दुरुस्त होत नाही.

माझी खरी तक्रार गाठीची नव्हती. नणंदेच्या घरच्या हळदीकुंकवाच्या फोटोत मी बाजूने दिसत होते आणि वरचा ओठ नाकाखालून सरळ पुढे आला होता. ओठाची कडा, जिथे लाल भाग संपून त्वचा सुरू होते, ती पुसट झाली होती आणि तिच्या वर एक पांढरट फुगीर पट्टी होती. लिपस्टिक लावायला घेतली की रेघ कुठे थांबवायची तेच कळेना. याला फिलर सरकणं म्हणतात. कडेवर किंवा कडेच्या फार जवळ भरलं, मावेल त्यापेक्षा जास्त भरलं, की ते वर चढतं.

ठाण्याला दाखवलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, अजून अर्धा मिली टाकू, बॅलन्स होईल." ऐकायला हे माप किरकोळ वाटतं. एक मिली म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. पण ओठ म्हणजे किती जागा! ज्या थरात जेल आधीच दाटीवाटीने बसलंय, तिथे आणखी घातलं तर ते जाणार कुठे?

"सहा-आठ महिन्यांत आपोआप जाईल" यावरही मी आता विसंबत नाही. भरल्यानंतर काही वर्षांनी केलेल्या एमआरआयमध्येही फिलर जागच्या जागी सापडलेलं आहे.

५. विरघळवणं हीसुद्धा एक प्रक्रियाच आहे, आणि ती दुखते.

औषधाचं नाव हायालुरोनिडेज. कुपीत पांढरी पूड असते, ती सलाइनमध्ये कालवतात. कित्येक वर्षं हे एन्झाइम वळूच्या किंवा मेंढ्याच्या अंडकोषांपासून बनत आलंय. ही माहिती मी जाऊबाईंना दिलेली नाही. त्या गुरुवार करतात आणि सोबतीला आल्या होत्या.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगभर सूज, धाप असं काही झालं होतं?" मला हा प्रश्न चमत्कारिक वाटला. पण त्या विषातही याच जातीचं एन्झाइम असतं, त्यामुळे ज्यांना ते सोसत नाही त्यांना हे औषधही धोक्याचं ठरू शकतं. मग हाताच्या आतल्या बाजूला त्वचेत एक थेंब टोचला, बॉलपेनने भोवती गोल काढला आणि आम्हाला बाहेर बसवलं. जाऊबाई त्या गोलाकडे दूध उतू जाण्याची भीती असल्यासारख्या बघत होत्या. अर्ध्या तासात गांधी उठली नाही, तेव्हा आत बोलावलं.

भरताना लागलं नव्हतं इतकं विरघळवताना लागलं. आग आग होते, डोळ्यांतून पाणी येतं. लगेच ओठ पहिल्यापेक्षाही मोठे होतात, कारण आता त्यात औषधाचं पाणीही असतं. त्या संध्याकाळी मला "पपई" धड म्हणता येईना, मुलीने ते वारंवार म्हणायला लावलं. चहा बशीतून प्यायले. जेल मात्र त्याच रात्रीपासून ढिलं पडू लागलं आणि दोन दिवसांत वरची पट्टी बसली. गाठीसाठी मला पुन्हा एकदा जावं लागलं. एका बैठकीत सगळं जाईल असं डॉक्टरांनी आधीच कबूल केलं नव्हतं, त्यामुळे त्याचा त्रास झाला नाही.

तोंडाला वारंवार ज्वराचे फोड येत असतील, तर तेही आधीच सांगावं. सुयांनी ते उफाळतात, आणि डॉक्टर आधीपासून गोळ्या सुरू करू शकतात.

६. यानंतरचा काळ सर्वांत अवघड आहे, आणि तो ओठांचा नाही.

सूज उतरली आणि मला माझे ओठ दिसेनात. सुकलेले, लहान, कडेला सुरकुतलेले. औषधाने माझं मूळचं मांसही खाल्लं, अशी माझी खात्री पटली. अशी भीती वाटणाऱ्या पुष्कळ जणी असतात. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. शरीराचं स्वतःचंही हायालुरोनिक ॲसिड असतं, त्यातलं थोडं या औषधाने जातं हे खरं. पण ते शरीर सतत नव्याने बनवतं. अंगातल्या एकूण साठ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग रोज मोडतो आणि रोज भरून निघतो. मग त्यांनी विचारलं, "आधीचा फोटो आहे?" आधीचा म्हणजे भरण्याच्या आधीचा. मी मोबाइलमध्ये भाचीच्या साखरपुड्याचा काढला. आम्ही दोघींनी तो आणि आरसा शेजारी धरले. ओठ तेच होते. भरलेल्या ओठांची माझ्या डोळ्यांना इतकी सवय झाली होती, की मूळचे मला कमी वाटत होते.

म्हणून भरण्याआधीचे फोटो जपून ठेवावेत: समोरून, दोन्ही बाजूंनी, लिपस्टिक न लावता, फिल्टर न लावता. मी मधल्या काळात सेल्फी काढणं बंद केलं होतं. फोनचा पुढचा कॅमेरा हातभर अंतरावरून चेहऱ्याचा मधला भाग मोठा दाखवतो, हे माहीत असूनही त्याच्याशी भांडायची ताकद तेव्हा नव्हती.

७. लोकांना काय सांगायचं ते आधी ठरवावं. मी "ॲलर्जी" सांगितलं. आईला खरं सांगितलं, तिने फक्त किती पैसे गेले ते विचारलं.

८. पैशांचं.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलेलं आहे. २०१९ च्या नव्या कायद्यामुळे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. पण तिथे पावती, फोटो, संमतिपत्र, मेसेज हे सगळं लागतं. क्लिनिकने अर्धे पैसे परत देऊ केले, अट एकच: मी लिहून द्यायचं की मी समाधानी आहे. मी सही केली नाही. कागद वकिलाकडे आहेत.

९. पुन्हा भरणार का?

खरं माहीत असलेल्या सगळ्याच जणी मला हे विचारतात. विरघळवल्यावर निदान दोन आठवडे तरी थांबावं असं डॉक्टर सांगतात, मी त्याहून बराच काळ थांबले आहे. मी फिलरच्या विरोधात नाही. ज्यांचं नीट बसलंय ते आपल्याला ओळखूही येत नाही. पण दादरच्या बाईंनी ओठ सोडून माझे दात पाहिले. वरच्या ओठाला आतून आधार असतो तो पुढच्या दातांचा. माझे झिजलेत आणि थोडे आत वळलेत, त्यामुळे ओठ आत ओढला जातो. ही गोष्ट ठाण्यात कोणी तोंड उघडायला लावून पाहिलीच नव्हती. दाताच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, पुढच्या मंगळवारची.