घटक ४ : स्थलांतराचा मार्ग आणि नावाचे रूप

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• जनगणनेच्या नोंदींवरून अमेरिकेतील कुटुंबाच्या स्थलांतराचा मार्ग मांडता येईल;
• आडनावाच्या बदललेल्या रूपांमागील भाषिक कारणे सांगता येतील;
• या साधनांच्या मर्यादा स्पष्ट करता येतील.

४.२ प्रास्ताविक
कौटुंबिक इतिहासाच्या अभ्यासकाला पूर्वजांचे मूळ गाव आणि अखेरचे वस्तीस्थान ही दोन टोके बहुधा ठाऊक असतात. मधला मार्ग मात्र तर्काने भरून चालत नाही. तो पुराव्याने, उलट्या क्रमाने मांडावा लागतो.

४.३ प्रमुख मार्ग
अठराव्या शतकात फिलाडेल्फिया बंदरात उतरलेली अनेक जर्मन आणि अल्स्टर-स्कॉट कुटुंबे ‘ग्रेट वॅगन रोड’ने लँकेस्टर व यॉर्कवरून शेनान्डोआ खोऱ्यात आणि पुढे कॅरोलायनाकडे गेली. १७७५ मध्ये डॅनियल बून याच्या नेतृत्वाखाली कंबरलँड खिंडीतून केंटकीकडे जाणारा ‘विल्डरनेस रोड’ आखला गेला. बूनचे स्वतःचे आयुष्यही टप्प्याटप्प्यानेच पश्चिमेकडे सरकले : पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना, केंटकी आणि १७९९ मध्ये मिसुरी.

४.४ जन्मस्थळांची साखळी
१७९० ते १८४० या काळातील जनगणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव आढळते. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय व जन्मस्थळ नोंदले जाऊ लागले. समजा, १८५० च्या नोंदीत १८ वर्षांचा मुलगा व्हर्जिनियात, १२ वर्षांची मुलगी केंटकीत आणि ४ वर्षांचा मुलगा मिसुरीत जन्मलेला आहे. यावरून कुटुंब १८३२ च्या सुमारास व्हर्जिनियात आणि १८३८ च्या सुमारास केंटकीत होते, तसेच १८४६ च्या सुमारास मिसुरीत पोहोचलेले होते, असे अनुमान निघते. अपत्यांचे जन्म हे जणू मार्गावरील मैलाचे दगड होत. मात्र सीमाबदल ध्यानी घ्यावा. केंटकी १७९२ मध्ये व्हर्जिनियापासून वेगळे झाले. म्हणून त्यापूर्वीचे ‘व्हर्जिनिया’ हे जन्मस्थळ आजच्या केंटकीतीलही असू शकते.

४.५ नावाची रूपांतरे
लेखनिक नाव कानाने ऐके आणि स्वतःच्या भाषेच्या वळणाने लिही. त्यामुळे जर्मन ‘म्युलर’चे ‘मिलर’ झाले. हे ध्वनिसादृश्य होय. ‘त्सिमरमान’ म्हणजे सुतार. त्याचे काही ठिकाणी ‘कारपेंटर’ झाले. हे भाषांतर होय. ‘साउंडेक्स’ या पद्धतीत नावाचे आद्याक्षर कायम ठेवून पुढील समध्वनी व्यंजनांना एकच अंक देतात. तिच्या साहाय्याने पहिल्या प्रकारचे बदल सापडतात, दुसऱ्या प्रकारचे नाही. तेथे शेजारी, जमिनीचे व्यवहार व चर्चच्या नोंदी तपासाव्या लागतात. केवळ नाव जुळले म्हणून व्यक्ती एकच, असे मानू नये.

४.६ मर्यादा
१८५० व १८६० मध्ये गुलाम व्यक्तींची स्वतंत्र यादी करण्यात आली. पण ती मालकाच्या नावाखाली होती. तीत वय, लिंग व वर्ण यांची नोंद असे. व्यक्तीचे नाव बहुधा नसे. मुक्त झालेली बहुसंख्य माणसे १८७० च्या जनगणनेत प्रथमच नावानिशी दिसतात. त्यांच्या पूर्वजांचा माग मालकाच्या मृत्युपत्रांतून व विक्रीखतांतून काढावा लागतो. त्यांचा मार्ग त्यांनी निवडलेला नव्हता, याचेही भान अभ्यासकाने ठेवावे. नोंदीतील मौन हा माणसाच्या अभावाचा पुरावा नव्हे. नोंद कोणी व कोणासाठी केली, याचा तो पुरावा असतो.

४.७ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. अपत्यांच्या जन्मस्थळांवरून स्थलांतराचा मार्ग कसा मांडता येतो? सोदाहरण लिहा.
२. ध्वनिसादृश्य व भाषांतर यांमुळे होणाऱ्या नामबदलांतील भेद स्पष्ट करा.
३. १८७० पूर्वीच्या जनगणनांच्या मर्यादांची चर्चा करा.