आगगाडीपासून गिटारीपर्यंत

१९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क शहरातील भुयारी रेल्वेच्या गाड्या सकाळी धावू लागत, तेव्हा त्यांतील कित्येक डब्यांचा मूळ रंग दिसेनासा झालेला असे. रात्रीच्या अंधारात कोणीतरी येऊन डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोठमोठी, फुगीर, एकमेकांत गुंतलेली अक्षरे रंगवून गेलेला असे. या चित्रलेखनास ‘ग्राफिटी’ असे म्हणतात. ती अक्षरे म्हणजे बहुधा रंगविणाऱ्याने स्वतःच घेतलेले टोपणनाव. दरिद्री वस्तीतील एखाद्या मुलाचे नाव गाडीबरोबर साऱ्या शहरभर फिरून येई. मात्र ते कोणाचे, हे फार थोड्यांना ठाऊक असे.

या मुलांचे साधन अगदी साधे होते. १९४९ साली एडवर्ड सेमूर या अमेरिकन रंगव्यावसायिकाने पत्र्याच्या डब्यात दाबाखाली रंग भरून तो फवाऱ्यासारखा उडविण्याची युक्ती काढली होती. कुंचला नको, शिडी नको; बोट दाबले की रंग उडे. १९६१ साली ब्राँक्स विभागात जन्मलेला जॉन मॅटोस वयाच्या तेराव्या वर्षी मोठ्या मुलांच्या मागोमाग असाच एक डबा घेऊन रेल्वेच्या आवारात जाऊ लागला. त्याच्या हातून एकदा शाळेतील संगणक चुकून बंद पडला होता. अशा बंद पडण्याला इंग्रजीत ‘क्रॅश’ म्हणतात, आणि तेच नाव त्याने धारण केले!

हे कृत्य कौतुकाचे होते असे मात्र म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेवर परवानगीवाचून रंग चढविणे हा गुन्हा होता. शिवाय रुळांच्या कडेने जाणाऱ्या लोखंडी पट्टीत सहाशेहून अधिक व्होल्ट दाबाची वीज खेळत असे. अंधारात पाऊल चुकले की प्राणाशी गाठ. पण क्रॅशच्या हातातील कला खरी होती. १९८० साली ब्राँक्समधील ‘फॅशन मोडा’ या कलादालनात त्याने ग्राफिटीचे प्रदर्शन मांडले, आणि डब्यांवरची अक्षरे भिंतीवर टांगलेल्या चित्रांत आली. रंगविलेला अखेरचा डबा रेल्वेने १९८९ च्या मे महिन्यात काढून घेतला, त्या वेळी क्रॅश चित्रकार म्हणून स्थिरावला होता.

आता दुसऱ्या कारागिराकडे वळू. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर हा गृहस्थ रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत असे. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. तरीही १९५४ साली त्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही विजेवरील गिटार जगभर गाजली. तिचे अंग पोकळ नसते, ते भरीव लाकडाचे असते. पोलादी तार कंप पावली की तिच्याखाली बसविलेल्या चुंबकाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो, आणि ध्वनिवर्धक त्याचे मोठ्या आवाजात रूपांतर करतो.

रंगाच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. तंबोऱ्याची तबली किंवा साध्या गिटारीची वरची फळी स्वतः थरथरते, म्हणून नाद उमटतो. तिच्यावर रंगाचे जाड थर चढविले तर ती जड होते व नाद दबतो. भरीव गिटारीला ही भीती बरीच कमी. फेंडरच्या कारखान्यात तर मोटारींना लावावयाचेच रंग गिटारींना लावीत. ग्राफिटीकाराला यापेक्षा सोयीचे वाद्य कोणते मिळणार?

तथापि सोय असली तरी सावधगिरी सुटत नाही. १९६७ साली ‘द फूल’ या नावाने काम करणाऱ्या डच चित्रकारांच्या गटाने एरिक क्लॅप्टन या ब्रिटिश वादकाची गिब्सन कंपनीची गिटार देवदूत, ज्वाळा आणि तारे यांनी रंगविली. चित्र मनोहर होते; परंतु ते तयार वाद्यावर वरून चढविलेले होते आणि त्यावर टिकाऊ पारदर्शक लेप नव्हता. वादकाचा हात घासून रंगाचे पापुद्रे सुटू लागले. पुढे ती गिटार टॉड रंडग्रेन या वादकाकडे आली, तेव्हा तिची डागडुजी करून वरून लेप द्यावा लागला. चित्रकार कुशल होते, गिटार करणारेही कुशल होते. त्यांची गाठ मात्र पडली नव्हती.

दोघांनी मिळून काम करावयाचे तर क्रम पाळावा लागतो. वाद्यकार लाकूड तासून गुळगुळीत करतो, त्यातील छिद्रे बुजवितो आणि पहिला हात देतो. जेथे गिटारीची मान अंगात बसते, ती खाच तो कागदाने झाकून ठेवतो. तेथे रंगाचा थर साचला तर मान नीट बसत नाही आणि तारांची उंची बिघडते. मग डबा चित्रकाराच्या हाती. डब्याच्या सपाट पत्र्यावर मोकळा फिरणारा त्याचा हात येथे वीतभर रुंदीच्या वळणदार लाकडात सामावला पाहिजे. रंग चढल्यावर खरी कसोटी असते ती धीराची. पारदर्शक लेपातील पातळ द्रव अर्धवट वाळलेल्या रंगाला सुरकुत्या पाडतो. म्हणून चित्रकाराने थांबावे लागते, आणि वाद्यकाराने लेपाचे पातळ पातळ थर द्यावे लागतात. अखेरीस लेप घासून चकचकीत होतो, चुंबके व तारा बसतात, आणि चित्र व सूर यांचा एकच जिन्नस होतो.

क्रॅशने रंगविलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार पुढे त्याच क्लॅप्टनच्या हाती आली. ती त्याला एवढी आवडली की एकामागून एक अशा आणखी गिटारी तयार झाल्या, आणि तो त्या रंगमंचावर वाजवू लागला. त्यांपैकी ‘क्रॅश ३’ ही गिटार २४ जून २००४ रोजी न्यूयॉर्कमधील लिलावात ३,२१,१०० डॉलरना विकली गेली. व्यसनात सापडलेल्या माणसांवर उपचार करणारे अँटिग्वा बेटावरील केंद्र क्लॅप्टनने स्थापिले होते; लिलावाचे पैसे त्या केंद्राला मिळाले. त्याच वर्षी फेंडर कंपनीने अशा ५० गिटारी विक्रीस काढल्या. यंत्राने एका चित्राच्या ५० प्रती काढणे कंपनीला अवघड नव्हते. पण प्रत्येक गिटार क्रॅशने स्वतःच्या हाताने रंगविली, आणि हाताने उडविलेला फवारा दोनदा सारखा पडत नाही. त्यामुळे त्या पन्नासांत एकीसारखी दुसरी गिटार सापडत नाही.