जुन्या बास गिटारीची परीक्षा व दुरुस्ती

जुनी वस्तु हातीं आली कीं ती टाकून द्यावी, नाहीं तर रंग देऊन नवी करावी, असेंच बहुधा मनांत येतें. परंतु त्याआधीं तिची नीट परीक्षा केली पाहिजे. हा धडा आम्ही गेल्या सुटींत एका जुन्या बास गिटारीपासून शिकलों, तो येथें सांगतों.

बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जाचे स्वर देणारी विजेची गिटार. कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर ह्यांनीं १९५१ सालीं 'प्रिसिजन बास' विक्रीस काढली, तेव्हांपासून हें वाद्य जगभर रूढ झालें. तिच्या तारेची वाजती लांबी ३४ इंच असते. १९६० ते १९७० ह्या दशकांत टाइस्कोसारख्या जपानी कारखान्यांनीं सुमारें ३० इंच लांबीच्या स्वस्त बास गिटारी केल्या, आणि अमेरिकेंतील दुकानांत त्या निरनिराळ्या नांवांनीं विकल्या गेल्या. आमची गिटार त्याच जातीची. तिची नांवाची पट्टी मात्र गळून गेलेली होती.

पहिली परीक्षा दांडीची. इतर बहुतेक भाग बदलतां येतात. पण दांडी पिळली असेल तर दुरुस्तीचा खर्च अशा स्वस्त वाद्याच्या किमतीहून अधिक होतो. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळीं दाबली कीं ती सरळ पट्टीचें काम देते. मधल्या पडद्यांवर पत्रिकेच्या कार्डाइतकी फट दिसली तर दांडी ठीक समजावी. फट मोठी असेल तर तारांच्या ओढीनें दांडी वांकली आहे. मुळींच नसेल तर ती उलट वांकली असावी. कित्येक गिटारींच्या दांडींत पोलादी सळई असते, तिचा नट थोडा थोडा फिरवून हा वांक काढतां येतो. आमच्या गिटारींत अशी सोय नव्हती; पण फट किंचितच अधिक होती. म्हणून बारीक तारा चढवून ओढ कमी केली.

दुसरी परीक्षा आवाजाची. गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, तर ती मुकी! पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोंवतीं गुंडाळलेलें बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें. वर पोलादी तार कांपली कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें आणि वेटोळ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे ह्यांनीं १८३१ सालीं शोधलेला नियम तो हाच. पिकअप जळाला असें ठरवून आम्ही नवा मागविण्यासाठीं वर्गणीसुद्धां काढूं लागलों होतों. इतक्यांत शिक्षकांनीं हातीं मीटर दिला. वेटोळ्याचा रोध कांहीं हजार ओहम भरला, म्हणजे तार अखंड होती. तुटली असती तर मीटरनें रोध अनंत दाखविला असता. मग एकेक सांधा तपासला, तेव्हां केबल खुपसण्याच्या जॅकवरचा डाख सुटलेला आढळला. थेंबभर कथिलानें गिटार बोलूं लागली. नवा पिकअप आणला असता तरी ती मुकीच राहिली असती, आणि वर्गणी फुकट गेली असती.

तिसरी परीक्षा स्वरांची. १२ वा पडदा तारेच्या जवळजवळ मध्यावर येतो. तेथें तारेस नुसता स्पर्श करून काढलेला स्वर व तार दाबून काढलेला स्वर एकच आला पाहिजे. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी मागें सरकवून तार लांब करावी. उतरलेला असेल तर पुढें घ्यावी.

पालकांस एक विनंति. गिटारींत वीज क्षीण असते, परंतु ॲम्प्लिफायर घरच्या विजेवर चालतो, आणि गिटारीच्या तारा केबलमार्फत त्याच्या धातूच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. जुन्या ॲम्प्लिफायरास अर्थिंग नसेल तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याखेरीज मुलांना त्यास हात लावूं देऊं नये.

गिटारीस आम्ही नवा रंग दिला नाहीं. तिच्यावरचे ओरखडे आहेत तसेच आहेत, आणि काढलेले जुने स्क्रू पाकिटांत जपून ठेविले आहेत. विद्यार्थिमित्रहो, मोडलेल्या वस्तूविषयीं मत देण्यास क्षण पुरतो, परीक्षेस मात्र धीर लागतो. आमची वर्गणी त्या धीरानें वांचली, आणि तिच्यांतूनच आम्ही नव्या तारा घेतल्या.