दोन मिलिलिटरनं पोट कसं भरणार?

प्रश्न : आमची नात 30व्या आठवड्यातच जन्मली. दवाखान्यात तिला नळीनं दर खेपेला जेमतेम 2 मिलिलिटर दूध देतात. एवढ्यानं काय होणार? अंगावर का पाजू देत नाहीत? सुनेला दूधही कमी आहे. दुग्धपेढीतलं परक्या बाईचं दूध चालेल का?
– एक आजी, पंचकुला

उत्तर : आजी, तुमच्या शंका एकेक करून सोडवू.

आधी नळी. दूध पिताना बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालावा लागतो. तो साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी पाजलं तर दूध श्वासनलिकेत जायची भीती. म्हणून सध्या नळी, पुढे वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं, आणि मग अंगावर.

आता ते 2 मिलिलिटर. ते पोट भरण्यासाठी नाहीतच. इतक्या लहान बाळाला सुरुवातीला बहुतेक पोषण शिरेतून मिळतं. आतडं कच्चं असल्यामुळे एकदम भार टाकता येत नाही. पण ते रिकामं ठेवलं तर त्याची वाढ खुंटते. म्हणून थोडंसं द्यायचं, पचतंय असं दिसलं की वाढवायचं. पहिला चीक तर मुळीच टाकू नये, कारण त्यात संरक्षक प्रतिपिंडं भरपूर असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा एक गंभीर आजार असतो. डब्याच्या दुधापेक्षा मानवी दुधावर तो कमी आढळतो.

‘बाळ अपुऱ्या दिवसांचं, म्हणून आईचं दूधही अपुरं’ हा समज खरा नाही. वार पडली की संप्रेरकं बदलतात आणि दूध तयार व्हायला लागतं, मग महिना सातवा असो की नववा. उलट अशा आईच्या सुरुवातीच्या दुधात प्रथिनं जास्त असतात. मात्र पुढचा हिशेब सरळ आहे: जेवढं दूध काढलं जाईल, तेवढं नवं बनेल. बाळ ओढत नसल्यानं ते काम हातानं किंवा पंपानं करायचं, दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीशी धरावं. त्यानंही दूध वाढतं. अळिवाचे लाडू सुनेला जरूर द्या, पण दूध काढायचं चुकवलं तर एकटे लाडू काय करणार?

एवढं करूनही कमी पडलं, तर पेढीचं दूध खुशाल घ्यावं. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पेढीत दात्या मातेची एचआयव्ही, कावीळ-बी वगैरेंसाठी तपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सियसला 30 मिनिटं तापवून गोठवतात. परक्या दुधानं बाळाचा स्वभाव बदलत नाही की वळणही. तापवताना काही प्रतिपिंडं मात्र नष्ट होतात, म्हणून पहिला मान आईच्या दुधाचा, मग पेढीचा, त्यानंतर डब्याचा. गाईचं दूध नको. त्यातली प्रथिनं आणि क्षार कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत. शेजारणीचं न तपासलेलं दूधही नको.

आणखी एक. वजन दीड किलोच्या आत असेल, तर डॉक्टर आईच्याच दुधात प्रथिनं-कॅल्शियमची पूड मिसळायला सांगू शकतात. तेव्हा सुनेच्या दुधात खोट काढू नका. पोटातल्या उरलेल्या दहा आठवड्यांची वाढ नातीला बाहेर भरून काढायची आहे, ती पूड त्यासाठी.