सागरकिनारी घराचा विमा

प्रश्न : श्रीवर्धनला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे चिरेबंदी, कौलारू घर आहे. 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात निम्मी कौले उडाली. घराचा विमा केवळ आगीचा असतो, वादळाला तो लागू नाही, असे गावात सांगतात. मग विमा घेण्यात अर्थ आहे काय?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : आपली चिंता रास्त आहे, गावातील समज मात्र निराधार आहे. विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून लागू केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आगीबरोबरच चक्रीवादळ, पूर, त्सुनामी आणि भूकंप यांनी होणारी हानीही अंतर्भूत असून, आगीचा विमा उतरविणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती देणे बंधनकारक आहे. विम्याची रक्कम जमिनीच्या बाजारभावावर नव्हे, तर घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरत असल्याने, 900 चौरस फुटांच्या घरास फुटामागे 2000 रुपये खर्च येत असेल, तर 18 लाखांचा विमा पुरेसा होतो. शिवाय घरातील सामानास त्याच्या 20 टक्के, म्हणजे 3 लाख 60 हजारांचे संरक्षण आपोआप लाभते.

मात्र समुद्राने किनारा खाल्ल्यामुळे खचलेले बांधकाम आणि कालमानाने झालेली झीज यांची भरपाई मिळत नाही, हे ध्यानी असावे. दोन-तीन कंपन्यांचे हप्ते ताडून पाहावेत, प्रस्तावात भिंती व छपराचे वर्णन यथातथ्य नमूद करावे, आणि घरपट्टीची पावती व घराची छायाचित्रे यांच्या प्रती परगावच्या आप्ताकडे ठेवाव्यात. वादळाची वर्दी येण्याची वाट न पाहता ही तजवीज पावसाळ्यापूर्वीच करावी.