प्रकाशाचा अभ्यास

(फोटो काढणे आज अगदी सोपे झाले आहे. तरीही छायाचित्रण हा महाविद्यालयात काही वर्षे शिकण्याचा विषय आहे. तेथे काय शिकवतात आणि ते का शिकावे लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.)



समजा, तुमच्यापैकी एखाद्याने घरी सांगितले, "मला बारावीनंतर छायाचित्रण शिकायचे आहे." तर काय होईल? अब्बा विचारतील, "फोटो काढायला कॉलेज कशाला? बटण दाबले की फोटो निघतो." अम्मी म्हणतील, "लग्नाचे फोटो काढून घर चालेल का, बाळा?" हे प्रश्न चुकीचे नाहीत. त्यांना तुमची काळजी वाटते, म्हणून ते विचारतात. पण उत्तर तुम्हाला देता आले पाहिजे. त्यासाठी हा अभ्यास म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ या.

सुरुवात शब्दांपासून करू. मराठीत आपण 'छायाचित्र' म्हणतो. छाया म्हणजे सावली. उर्दूत या कलेला 'अक्कासी' म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब. 'कॅमेरा' हा शब्द लॅटिन आहे. त्याचा अर्थ खोली. उर्दूतील 'कमरा' हा शब्दही त्याच मुळापासून, पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. म्हणजे कॅमेरा आणि कमरा हे एकाच घराण्यातील शब्द आहेत!

कॅमेऱ्याला खोली का म्हणतात? पूर्वी कॅमेरा ही खरोखरच एक अंधारी खोली होती. भिंतीला बारीक छिद्र असले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे दिसते. प्रकाश सरळ रेषेत जातो. त्यामुळे झाडाच्या शेंड्याकडून आलेला किरण छिद्रातून खाली जातो आणि बुंध्याकडून आलेला किरण वर जातो. बसरा येथे सुमारे ९६५ मध्ये जन्मलेल्या इब्न अल्-हैसम या विद्वानाने प्रकाशाचा असा बारकाईने अभ्यास केला. त्याचा 'किताब अल्-मनाज़िर' हा ग्रंथ पुढे युरोपातही अभ्यासला गेला. पण भिंतीवरचे ते चित्र पकडून ठेवणे तेव्हा कोणाला जमले नाही. फ्रान्समधील दागेर यांची चित्र टिकवण्याची पद्धत १८३९ मध्ये जगासमोर आली.

ही विद्या आपल्याकडे लवकर पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेव्हा 'फोटो शिकायला कॉलेज कशाला?' या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईने तेव्हाच दिले होते.

आता या अभ्यासाचे तीन भाग पाहू.

पहिला भाग पारंपरिक छायाचित्रणाचा. यात फिल्म वापरतात. ३५ मिलिमीटरच्या एका रोलमध्ये साधारण ३६ फोटो निघतात. छत्तिसावा फोटो काढला की रोल संपला. म्हणून विद्यार्थी बटण दाबण्यापूर्वी विचार करतो. प्रकाश कोणत्या बाजूने येतो आहे? भिंगामागचे छिद्र किती उघडायचे? शटर किती वेळ उघडे ठेवायचे? फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. प्रकाश पडला की त्यात बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. डार्करूममध्ये फिल्म डेव्हलपरमध्ये घातली की चित्र उमटते आणि फिक्सरमध्ये घातली की ते टिकते. हीच निगेटिव्ह. तिच्यात पांढरे ते काळे आणि काळे ते पांढरे दिसते. निगेटिव्हवरून कागदावर फोटो छापतात. काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद लाल दिव्याच्या मंद उजेडात हाताळता येतो. फिल्मला मात्र तेवढा उजेडही चालत नाही. हे काम सावकाश चालते. त्यातून विद्यार्थी धीर धरायला शिकतो.

दुसरा भाग डिजिटल छायाचित्रणाचा. १९७५ मध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. एक फोटो कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत. त्या फोटोत फक्त १०,००० बिंदू होते. आज साध्या मोबाइलच्या फोटोतही लाखो बिंदू असतात. येथे फिल्मची जागा सेन्सर घेतो. तो प्रकाशाचे विजेत रूपांतर करतो आणि त्याचे पुढे आकडे होतात. आकडे बदलले की चित्र बदलते. विद्यार्थ्याची खरी परीक्षा येथेच असते. फेब्रुवारी १९८२ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक' या मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तमधील पिरॅमिडचा फोटो छापला होता. फोटो पानात बसावा म्हणून यंत्राच्या साहाय्याने दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते. त्यावर मोठी टीका झाली. जाहिरातीत असा बदल चालतो, बातमीत चालत नाही. लोक बातमीच्या फोटोला साक्षीदार मानतात. साक्षीदाराने खोटे बोलू नये. कोठे थांबायचे, हे बटण सांगत नाही, ते शिकावे लागते.

तिसरा भाग प्रायोगिक छायाचित्रणाचा. त्यात कधी कधी कॅमेराही लागत नाही. लोहाच्या क्षारांचे द्रावण लावलेल्या कागदावर एखादे पान ठेवून तो उन्हात ठेवतात. नंतर कागद पाण्याने धुतात. निळ्या रंगावर पानाची पांढरी आकृती उमटते. ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी १८४३ पासून याच रीतीने समुद्रातील शेवाळांची चित्रे घेऊन पुस्तक तयार केले. आपल्या दादासाहेब फाळके यांनीही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ वाढत्या रोपाची चित्रे थोडी थोडी टिपली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले! या प्रयोगानंतरच त्यांच्या चित्रपटासाठी पैसा उभा राहिला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.

तिन्ही भागांत यंत्रे वेगळी आहेत, पण विषय एकच आहे, तो म्हणजे प्रकाश. फिल्म मागे पडली, उद्या आजचा मोबाइलही मागे पडेल. ज्याला फक्त बटण येते, त्याची विद्या यंत्राबरोबर जुनी होते. ज्याला प्रकाश समजतो, तो नवे यंत्र महिनाभरात शिकून घेतो.

आता अम्मींच्या प्रश्नाकडे वळू. छायाचित्रकार लग्नाचे फोटो काढतो, त्यात कमीपणा काहीच नाही. शिवाय वृत्तपत्रे, जाहिरात, संग्रहालये, संशोधन आणि पोलीस तपास यांनाही जाणकार छायाचित्रकार लागतात. मात्र कॅमेरे महाग असतात आणि सुरुवातीची कमाई दरमहा सारखी नसते. हेही घरी खरे खरे सांगा. मुलींनी होमाई व्यारावाला यांचे नाव लक्षात ठेवावे. त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. तरी त्या थांबल्या नाहीत. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचा गौरव झाला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

मुंबईच्या सर जे. जे. संस्थेत उपयोजित कलेबरोबर छायाचित्रण शिकता येते. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात आणि गांधीनगरच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पदवीनंतर हा विषय शिकता येतो. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्या. चित्र काढणाऱ्याचा हात पाहायलाही शिकतो.

आणि आजच एक प्रयोग करा. बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या एका बाजूला सुईने छिद्र पाडा. समोरची बाजू कापून तेथे पातळ ट्रेसिंग पेपर चिकटवा. डोक्यावरून चादर घ्या आणि छिद्र उजळ खिडकीकडे धरा. सूर्याकडे धरू नका. कागदावर खिडकी उलटी दिसेल. मग ते खोके अब्बांच्या हातात द्या. तुमच्या उत्तराची सुरुवात तेथून होऊ द्या.

शब्दार्थ
धीर – सब्र. साक्षीदार – गवाह. द्रावण – पाण्यात विरघळवलेला पदार्थ. उपयोजित – व्यवहारात वापरली जाणारी.

स्वाध्याय
१. अंधाऱ्या खोलीत बाहेरचे दृश्य उलटे का दिसते?
२. बातमीच्या फोटोत बदल का करू नये? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. 'मला छायाचित्रण शिकायचे आहे' या विषयावर मुलगा किंवा मुलगी आणि अब्बा यांचा संवाद लिहा.